सेल ठीक, आकडा खोटा: बीएमएसचं रीडिंग चुकतं तेव्हा

आजचा विषय बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. ई-बाईकच्या पॅकमधलं ते छोटं बोर्ड. त्यावरची चिप प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजते आणि बऱ्याच बोर्डांमध्ये तो आकडा ब्लूटूथवरून तुमच्या फोनवर येतो. पण तो आकडाच चुकीचा असेल तर?

समजा, ३६ व्होल्टचा पॅक आहे, १० सेल सिरीजमध्ये. ॲपवर आठ सेल ३.६० दाखवतायत. चौथा मात्र ४.२५ आणि पाचवा २.९५. लगेच वाटतं, पाचवा गेला! थांबा, आधी दोघांची बेरीज करा. ७.२० आली ना? म्हणजे ३.६० ची बरोबर दुप्पट. एक जेवढा वर, तेवढाच शेजारचा खाली. खराब सेल शेजाऱ्याला असा वर ढकलत नाही.

खरी गोम सेन्स वायरमध्ये असते. चिप लागोपाठच्या दोन वायरींमधला फरक मोजते आणि चौथ्या-पाचव्याच्या मधली वायर दोघांना सामायिक असते. तिचं सोल्डर सुटलं किंवा कनेक्टरची पिन सैल झाली, की मधला बिंदू सरकतो. मग एकाचं वाढतं, दुसऱ्याचं तेवढंच घटतं.

हे न ओळखता काही जण 'कमी' दिसणाऱ्या सेलला बाहेरून चार्ज देतात. तो आधीच ठीक असतो, त्यामुळे आता तो खरोखरच बाकीच्यांच्या पुढे जातो. नेहमीच्या लिथियम-आयन सेलची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट. त्यापुढे आगीचा धोका, आणि लक्ष ठेवणारी चिप तर चुकीचं वाचतेय! तेव्हा मोजल्याशिवाय चार्जर लावायचा नाही.

मोजायचं कसं? मल्टिमीटर आधी थेट सेलच्या टोकांवर, मग बोर्डाच्या कनेक्टरवर. सेलवर ३.६० आणि कनेक्टरवर वेगळं, तर दोष वायरीत. दोन्हीकडे बरोबर आणि ॲपवर चूक, तर दोष बोर्डात. (प्रोब घसरू देऊ नका. दोन पिना एकत्र आल्या तर ठिणगी उडते, चिपही जाऊ शकते.)

चूक फक्त गाडी पळवताना दिसते? मग सेन्स वायर कुठे जोडलीय ते बघा. मधल्या पट्टीचा रेझिस्टन्स ५ मिलिओहम असेल, तर २० अँपिअरला ०.१ व्होल्ट तिथेच पडतं आणि ते सेलच्या खात्यात जमा होतं. बॅलन्सिंग चालू असतानाही काही बोर्डांवर आकडा हलतो, कारण तो करंट त्याच वायरींतून जातो. बॅलन्सिंग थांबवून पुन्हा वाचा.

आता स्वतः बोर्ड बनवणाऱ्यांसाठी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू७६९२० ही चिप ३ ते ५ सेल सांभाळते. चारच सेल लावायचे असतील तर पाचवी, सगळ्यात वरची जागा रिकामी सोडावीशी वाटते. तसं चालत नाही. डेटाशीटप्रमाणे वरचा सेल वरच्याच इनपुटला लागतो आणि व्हीसी४ व व्हीसी३ शॉर्ट करावे लागतात. शिवाय प्रत्येक चिपचा गेन आणि ऑफसेट वेगळा, फॅक्टरीतच रजिस्टरमध्ये लिहिलेला. कोडमध्ये दुसऱ्याचे आकडे चिकटवले तर सगळेच सेल थोडे थोडे चुकतात. म्हणून एकच जोडी बिघडलेली दिसली तर वायर, सगळेच सारखे सरकले तर कोड. शोध तिथून सुरू करा.