रमजान, शिमगा आणि परसातला फणस

भांडुप म्हणजे कोकणातल्या चाकरमान्यांचे जुने ठिकाण. नोकरी इथे, पण घर, परसू आणि बांधावरचा फणस गावी. ते घर मोहल्ल्यातले असो वा वाडीतले, सामाईक सातबारा आणि सामाईक फणस दोन्हीकडे सारखेच.

हिजरी वर्ष चांद्र असल्याने इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला. ते पिकल्या फणसाचे दिवस. इफ्तारला खजुराशेजारी गरे ठेवता येत. २०२५ मध्ये रोजे मार्चच्या सुरुवातीला लागले आणि त्याच महिन्यात शिमगाही आला. या दिवसांत झाडावर असते ती कुयरी, म्हणजे कोवळा फणस. एकाच झाडाच्या कुयरीची भाजी एका घरी शिमग्याच्या पानात, तर दुसऱ्या घरी सहरीच्या ताटात. एकीकडे ओले खोबरे, दुसरीकडे गोश्ताचा मसाला. हाताला तेल लावून चीक सोडवण्याची खटपट मात्र दोघींनाही चुकत नाही.

सांदणाचेही तसेच. हिंदू घरांत बरक्या फणसाचा रस तांदळाच्या कण्यांत मिसळून सांदण उकडतात. कोकणी मुसलमानांच्या घरी ईदेला आणि शुभकार्याला तांदूळ व नारळाच्या रसाचे सांदण होते. नाव एक, वाफ एक, आतला रस तेवढा वेगळा.

फणसाचे टाकाऊ असे फारसे काही नाही. कापा चिरून खायचा किंवा गरे तळायचे, बरक्याची पोळी उन्हात वाळवायची. आठळ्या पावसाळ्यासाठी राखायच्या. त्या भाजून खातात, सुकटीतही घालतात. साल गुरांना, पाला शेळ्यांना. खोडावर मिरीचा वेल चढतो. पिवळे लाकूड दारे-खिडक्यांना आणि वाद्यांना चालते.

तरीही मे सरता सरता गावोगावी झाडाखाली फणस कुजत पडलेले दिसतात. दहा-पंधरा किलोचे फळ दोर बांधून उतरवायला चढणारा माणूस लागतो, आणि घरात उरलेत म्हातारे आईवडील. मजुरी आणि गाडीभाडे दिल्यावर हातात काही राहत नाही. पोळी घालायची तर पावसाआधी उन्हाचे थोडेच दिवस मिळतात. मग लाकडाचा व्यापारी दारात येतो. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभळाबरोबर फणसही आहे; परवानगीशिवाय तो तोडता येत नाही. पण कायदा झाड वाचवील, फळ उतरवायला येणार नाही. शिवाय लाकडाचा पैसा एकदाच मिळतो, फळ पुढची कित्येक वर्षे.

वाट निघते ती जाती निवडण्यातून आणि प्रक्रियेतून. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण प्रॉलिफिक’ ही काप्याची जात दिली. आठळीपासूनच्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात, कलमाला चार-पाच. लांजा तालुक्यात झापडे येथे देसाई कुटुंबाने फणसाच्या अनेक जातींची बागच उभी केली आहे. केरळने तर २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ केले. तिथे कच्च्या गऱ्यांच्या पिठापर्यंत मजल गेली. आपल्याकडे अजून तळलेल्या गऱ्यांच्या आणि पोळीच्या पाकिटापलीकडे फारसे काही दिसत नाही.

झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याचा सदका, म्हणजे दान ठरते, अशी प्रेषितांची शिकवण आहे. फणस लावणाऱ्या आजोबांना ती ठाऊक असो वा नसो, त्यांनी केले तेच. नातवंडांपुढे प्रश्न आहे तो वाटणीचा. भांडुपमधल्या चुलत भावंडांनी ठरवून मे महिन्यात दोन दिवस गावी जावे, चढणाऱ्याची मजुरी मिळून द्यावी, आठळीऐवजी पावसाच्या तोंडावर एखादे कलम लावावे. परतताना डिकीत एक अख्खा फणस असावा. तो एका घराला संपत नाही; चाळीत चार दारे वाजवावीच लागतात.