खाचा नव्या, टायर जुना
यात्रेच्या गाडीचे टायर बदलताना

कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते. चातुर्मासात एका ठिकाणी स्थिरावलेले साधू-साध्वी विहाराला निघतात आणि चिंचवड, निगडी, भोसरी, चाकण येथील कितीतरी व्यापारी घरांतून पालीताण्याला जाण्याची तयारी सुरू होते. दुकान कोण सांभाळणार, मुलांची शाळा किती दिवस बुडणार, आजीच्या गुडघ्यांना डोली लागणार की नाही, या सर्वांचा मेळ बसला की पावसाळाभर गाळ्याच्या मागे उभी असलेली ट्रॅव्हलर बाहेर काढली जाते. धूळ पुसली जाते, बॅटरी चार्ज होते, इंजिन सुरू होते. मग घरातील कोणीतरी चाकाला पायाने दोन ठोकरा देतो, खाचांत बोट घालून पाहतो आणि समाधानाने म्हणतो, "टायर तर नवेच आहेत!"

याच वाक्यापाशी थोडे थांबायला हवे. वर्षातून दोन-चार वेळाच दूरच्या रस्त्याला लागणाऱ्या गाडीचे टायर फारसे झिजत नाहीत. ते म्हातारे होतात. झिजून गोटा झालेला टायर कोणाच्याही नजरेला येतो. म्हाताऱ्या टायराचे वय मात्र नुसत्या खाचा पाहून कळत नाही. ते त्याच्या अंगावर लिहिलेले असते आणि ते वाचण्याची सवय फार थोड्या घरांत आहे.

झीज वेगळी, वय वेगळे

टायराच्या रबरात ते लवकर कडक होऊ नये म्हणून काही संरक्षक द्रव्ये आणि मेण मिसळलेले असते. चाक फिरत राहिले, रबर दबत-सुटत राहिले की ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे काम मंदावते. दरम्यान ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू आपले काम करीतच असतात. रबराचा लवचीकपणा जातो, बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि आतील पोलादी तारांच्या थरांना धरून ठेवणारी पकड सैल होऊ लागते. शेवटची गोष्ट बाहेरून दिसत नाही.

औद्योगिक पट्ट्यात यात आणखी एका कारणाची भर पडते. अनेक घरांची गाडी कारखान्याच्या शेडमध्ये किंवा गाळ्यालगत उभी असते. वेल्डिंग आणि विजेच्या मोटारी यांमुळे आसपासच्या हवेत ओझोन तयार होतो, आणि रबराला भेगा पाडण्यात ओझोनइतका तरबेज दुसरा वायू नाही. जमिनीवर सांडलेले तेलही रबराला बाधते. म्हणून गाडी सावलीत उभी आहे एवढ्यावर समाधान मानणे पुरेसे नाही. ती कशाच्या शेजारी उभी आहे हेही पाहावे लागते.

असा टायर गावातल्या गावात निमूट चालतो. परीक्षा होते ती द्रुतगती मार्गावर. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. तेथे आणि पुढे वापी-सुरतकडे जाणाऱ्या महामार्गावर गाडी तासन्‌तास एकाच वेगाने, पूर्ण भरलेली धावते. भार आणि वेग यांमुळे टायर आतून तापत जातो. हवा कमी असेल तर त्याची भिंत अधिक वाकते आणि तो अधिकच तापतो. सैल झालेले थर अशा वेळी सुटतात आणि टायर फुटतो.

त्या क्षणी गाडी कोणत्या बाजूला ओढली जाईल, हे चालकाच्या हातात राहत नाही. गाडीत लहान मुले आणि वृद्ध असतात. आणि याच दिवसांत महामार्गांच्या कडेने साधू-साध्वी आणि त्यांच्यासोबतचे श्रावक पायी विहार करीत असतात. यात्रेच्या गाडीचा टायर सुस्थितीत असणे ही त्यामुळे केवळ गाडीतल्या माणसांपुरती बाब राहत नाही.

चार अंकांची तारीख

टायराच्या भिंतीवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या अखेरीस लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३२२१' असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये तयार झाला. हे अंक बहुधा टायराच्या एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला पाहावे.

अनेक टायर कंपन्यांचा सल्ला असा, की वापर सुरू होऊन पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनी, खाचा कितीही शिल्लक असल्या तरी, टायर बदलावा. काही वाहन कंपन्या सहा वर्षांचीच मर्यादा सांगतात. आपल्याकडील उन्हाळा आणि यात्रेला निघताना गाडीवर असणारा भार लक्षात घेता, सहा वर्षांच्या बाजूला राहणे शहाणपणाचे. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे. ती कधी रस्त्यावर उतरलेली नसते म्हणून नवी वाटते. पण तिचे वय बाकीच्या टायरांइतकेच असते.

व्यापारी घराला ही गोष्ट समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. मसाला असो, औषध असो की रंगाचा डबा, माल उचलताना तारीख पाहिल्याशिवाय व्यापारी पावती फाडू देत नाही. दुकानात आधी आलेला माल आधी विकण्याची शिस्त त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली असते. तोच व्यापारी टायरांच्या दुकानात मात्र फक्त भाव विचारतो. 'आज घेतले तर इतकी सूट' असे सांगितले गेले की त्या सुटीमागे पडून राहिलेला जुना माल तर नाही ना, हे चार अंक पाहून ठरवावे. चाकणजवळ ब्रिजस्टोनचा कारखाना आहे. पण कारखाना जवळ आहे म्हणून दुकानातला माल ताजा असेलच असे नाही. दुकानात नीट ठेवलेला काही महिन्यांचा टायर घेण्यास हरकत नसते. दोन-तीन वर्षांपूर्वीचा टायर स्वस्तात मिळाला तर त्याचे तेवढे आयुष्य आधीच खर्च झालेले असते.

भार किती, हे काटा सांगतो

दुसरा प्रश्न वजनाचा. आकाराच्या आकड्यांनंतर टायरावर एक अंक आणि एक अक्षर असते. अंक भाराचा, अक्षर वेगाचे. ९५ हा अंक म्हणजे एका टायरावर ६९० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. अक्षरांत 'एन' म्हणजे ताशी १४० किलोमीटर, 'क्यू' म्हणजे १६०, 'एस' म्हणजे १८०. पिकअप आणि ट्रॅव्हलरच्या टायरांवर '११२/११०' असे दोन अंक असू शकतात: पहिला एकेरी चाकासाठी, म्हणजे ११२० किलो, दुसरा मागे जोडचाके असतील तर प्रत्येक टायरासाठी, म्हणजे १०६० किलो. नवा टायर घेताना वाहन कंपनीने सांगितलेल्या अंकापेक्षा कमी अंकाचा टायर, आकार जुळत असला तरी, कधीही घेऊ नये.

यात्रेच्या गाडीत माणसांबरोबर स्वयंपाकघरही निघते. पीठ, डाळ, खाखरे, शेगडी, भांडी, अंथरुणे आणि गाळलेल्या पाण्याचे जार. वीस लिटरचा एक जार म्हणजे वीस किलो. असे दहा घेतले की दोनशे किलो झाले. आसने मोजून माणसे बसवली म्हणजे वजन मर्यादेत राहिले असे होत नाही. चाकण-तळेगाव रस्त्यावर वजनकाट्यांची वाण नाही. निघण्यापूर्वी भरलेली गाडी एकदा काट्यावर घालावी. पुढची आणि मागची चाके स्वतंत्रपणे काट्यावर घेतली तर कोणत्या आसावर किती भार आहे तेही कळते.

मागे ओढल्या जाणाऱ्या चाकांची गोष्ट

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. फिरत्या घराची कल्पना आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. गाडीमागे जोडायचा प्रवासी ट्रेलर असो की सामानाचा छोटा ट्रेलर, त्याच्या टायरांची निवड अधिक काळजीने करावी लागते. कारण तो बहुतेक काळ उभाच असतो, आणि उभा असतानाही त्याच्या आतले सामान टायरांवर भार टाकीतच असते.

अमेरिकेत ट्रेलरच्या टायरांचा स्वतंत्र वर्ग आहे. आपल्या बाजारात तसे टायर सहजी मिळत नाहीत. कार किंवा पिकअपचे टायर लावले जातात. म्हणून हिशेब स्वतः करावा लागतो. समजा, भरलेल्या ट्रेलरचे वजन १५०० किलो आहे आणि त्यातले १५० किलो पुढच्या गाडीच्या हुकावर येतात. दोन चाकांवर राहिले १३५०, म्हणजे प्रत्येकी ६७५ किलो. ९५ अंकाचा टायर कागदावर पुरतो. पण सामान नेहमी एका बाजूला थोडे अधिक असते आणि खड्ड्यात भार क्षणभर वाढतो. अशा ठिकाणी १०० अंकाचा टायर, म्हणजे ८०० किलोंची क्षमता, घेणे योग्य. कारच्या मऊ भिंतीच्या टायरापेक्षा पिकअपचा कडक भिंतीचा टायर ट्रेलरला कमी डोलू देतो. मात्र तो जास्त दाबावरच आपले पूर्ण वजन पेलतो. त्यात कारइतकीच हवा भरली तर अंकाला अर्थ राहत नाही.

ट्रेलरच्या टायराची हवा गेली तर पुढच्या गाडीच्या स्टिअरिंगवर ते लवकर जाणवतही नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर उतरून टायरांच्या भिंतीला हात लावून पाहावे. एक टायर इतरांपेक्षा फार गरम लागला तर तो काहीतरी सांगत असतो. एका बाजूला दोन चाके असलेल्या ट्रेलरचा एक टायर फुटला, तर त्याच्या जोडीच्या टायराने दुप्पट भार सोसलेला असतो. फुटलेला बदलून भागत नाही. जोडीचा उतरवून तपासावा लागतो.

दुकानात आणि दुकानानंतर

एका आसावरचे दोन्ही टायर एकाच वेळी, एकाच बनावटीचे आणि एकाच आकाराचे बदलावेत. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी सावरणे अधिक कठीण असते. टायरावर आयएसआय चिन्ह आहे ना, ते पाहावे. टायराबरोबर रबरी वॉल्व्हही बदलावा. त्याचेही वय झालेले असते. रिमोल्ड केलेले टायर मालवाहू ट्रेलरच्या मागच्या चाकांवर सर्रास वापरले जातात आणि चांगल्या कारखान्यात झालेले काम त्या जागी चालते. माणसे नेणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांवर ते नकोत.

कायद्याने चारचाकीच्या टायराची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचेच्या तळाशी असलेला छोटा उंचवटा झिजलेल्या रबराच्या पातळीत आला की ती मर्यादा गाठली गेली असे समजावे. पावसाळी प्रवासासाठी त्या मर्यादेपर्यंत वाट पाहू नये.

हवा नेहमी थंड टायरात मोजावी आणि दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. धावून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढणे ही मोठी चूक. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागितले तर एवढे लक्षात ठेवावे, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला मापक लावून दाब पाहण्याची सवय त्याहून अधिक उपयोगी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा करापोटी वाचलेल्या रकमेत एक चांगला अंक वाढवून घेता येतो. बिल पक्के घ्यावे आणि त्यावर टायरांचे क्रमांक लिहून घ्यावेत; पुढे दोष निघाला तर तेच कामी येते.

गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टायरांत पुरेशी हवा भरावी, चाकांखाली लाकडी फळ्या घालाव्यात, उन्हाच्या बाजूला आच्छादन टाकावे आणि महिन्यातून एकदा तरी गाडी थोडी चालवून आणावी. टायर चमकवणारे तेलकट पॉलिश टाळावे. त्यातील काही रबराचे मेणच धुऊन काढतात.

वहीतले एक पान

चाकणहून मालाचे ट्रेलर चालवणारे जाणते वाहतूकदार प्रत्येक टायराचा हिशेब ठेवतात: क्रमांक, तारीख, कोणत्या चाकावर, किती किलोमीटर, पंक्चर कधी. त्यांच्या दृष्टीने टायर हा इंधनाप्रमाणेच मोठा खर्च असतो. घरच्या गाडीचे टायर पाच किंवा सात. त्यांना वहीचे एकच पान पुरते.

दिवाळीत चोपडापूजन होते, नवी वही उघडली जाते. त्याच दिवशी त्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक टायराचे ते चार अंक लिहून ठेवावेत, स्टेपनीसह. कार्तिकी पौर्णिमेला अजून पंधरवडा असतो. एखादा टायर सहा वर्षांपुढे गेलेला निघाला, तर तो बदलायला एवढे दिवस पुरतात.