सिमसिटीच्या हिशेबात मुरगूड शहरच!

मुरगूडला कुणी गाव म्हणो, कुणी नगरपरिषद. 'सिमसिटी'च्या हिशेबात ते पक्कं शहर आहे. १९८९च्या मूळ खेळात वस्ती २,०००च्या पुढे गेली की खेड्याचं 'टाऊन' होतं, १०,०००च्या पुढे गेली की 'सिटी' आणि पाच लाखांच्या पुढे थेट 'मेगालोपोलिस'. दहा हजारांची पायरी आपण कधीच ओलांडलीय. तेव्हा वेदगंगेकाठच्या या शहरातून, माझ्या लाडक्या जुन्या खेळांच्या काही गमती.

पहिली गंमत अशी, की शहर वसवायचा हा खेळ बॉम्बफेकीतून जन्मला. विल राइट १९८४ साली एक हेलिकॉप्टरचा खेळ बनवत होता. शत्रूची बेटं उडवायची, एवढंच त्यात काम. पण ती बेटं, त्यांवरचे रस्ते आणि कारखाने मांडतानाच राइट रमला. उडवण्यापेक्षा उभारण्यात जास्त मजा आहे, हे त्याला कळलं. १९८५पर्यंत नवा खेळ आकाराला आला, पण तो प्रकाशित करायला कुणी धजेना. "यात जिंकायचं कसं?" हा एकच प्रश्न. शेवटी जेफ ब्रॉनबरोबर त्याने १९८७ साली 'मॅक्सिस' कंपनी काढली आणि दोन वर्षांनी खेळ बाजारात आला.

मला मात्र या खेळात जिंकणं नाही, हेच सर्वांत आवडतं. गावाचं काम संपतं कुठे? रस्ता झाला की गटार, गटार झालं की बाजाराला जागा.

आणि पडद्यावर हे सुरू होण्याच्या शंभरेक वर्षं आधी आपल्याच भागात ते खऱ्या जमिनीवर घडलं होतं. १८९१ साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली आणि गुळाची बाजारपेठ उभी केली. १९१७ साली जयसिंगपूर वसवलं, वडिलांच्या नावाने. सरळ रस्ते, काटकोनात चौक, गल्ल्यांना ओळीने नंबर. आजही तिथला पत्ता 'अमुक नंबरची गल्ली' असाच सांगतात. आधी रूळ, मग बाजार, मग घरं हा क्रम सिमसिटी खेळणारा प्रत्येक जण दोन-चार शहरं बुडवून शिकतो. महाराजांना तो आधीच उमगला होता. जयसिंगपूरच्या गल्ल्यांतून चालताना मला आजही पडद्यावरच्या चौकटी आठवतात आणि त्या माणसाच्या नजरेपुढे मान लवते.

आता पाणी. पहिल्या सिमसिटीत पाण्याच्या नळांचा पत्ताच नव्हता. वीज दिली की लोक येऊन राहायचे. जमिनीखालच्या पाइपलाइनी आल्या त्या 'सिमसिटी २०००'मध्ये. आपल्याकडे असली सूट कुणालाच मिळत नाही. मुरगूडला पाणी देणारा सर पिराजीराव तलाव ज्यांच्या नावाचा, ते पिराजीराव घाटगे म्हणजे शाहू महाराजांचे धाकटे बंधू. एका भावाने पेठा वसवल्या, दुसऱ्याचं नाव आम्ही रोज घोटाघोटाला घेतो. पाण्याचं मोल नीट ओळखणारा खेळ १९९८चा 'सीझर ३'. रोमन वसाहत वसवायची, हौद बांधायचा, उंच पाटाने पाणी आणायचं आणि कारंज्यातून वस्तीला द्यायचं. कारंजं जवळ आलं की झोपड्यांची बघता बघता पक्की घरं होतात. पुढच्याच वर्षीच्या 'फॅरो'मध्ये तर नाईलचा पूर येऊन गाळ टाकून जाईल तेव्हाच नदीकाठची शेती पिकते. वेदगंगेचा पूर बघत वाढलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तरी एक गोष्ट मला कुठल्याच खेळात सापडली नाही: के. टी. बंधारा. के. टी. म्हणजे कोल्हापूर टाईप! नदीत खांब उभे करायचे, पाऊस सरला की त्यांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. पूर आला तर सरळ वरून जातो. स्वस्त, साधा आणि अफाट हुशार. महाराष्ट्रभर पसरलेल्या या बंधाऱ्याला आपल्या जिल्ह्याचं नाव आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

विजेच्याही गमती आहेत. सिमसिटी २०००मध्ये कोळशाचं वीजकेंद्र पन्नास वर्षांनी मोडीत निघतं. पुढे अवकाशातून लहरी पकडणारं केंद्र मिळतं. त्या लहरींचा नेम चुकला की शेजारची घरं पेटतात. आमच्याकडे भारनियमनाच्या काळात वेगळंच कौशल्य लागायचं: वीज जायच्या आत खेळ सेव्ह करणं!

पार्किंगचंही ऐका. २०१३च्या सिमसिटीसाठी खऱ्या शहरांची मापं घेतली, तर पार्किंगनेच एवढी जागा खाल्ली की तशीच मांडली असती तर खेळात दुसरं काही दिसलंच नसतं. मग गाड्या जमिनीखाली उभ्या राहतात असं मानून घेतलं. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर गाडी लावायला जागा शोधलेल्या कुणालाही हे पटेल. फिलिपिन्सच्या व्हिन्सेंट ओकास्ला या तरुणाने तर 'सिमसिटी ३०००'मध्ये रस्तेच काढून टाकले. साठ लाख वस्ती, प्रवास फक्त भुयारी रेल्वेने. पण त्या शहरात कुणी पन्नाशीपुढे जगत नसे. मला असलं शहर नको.

बाकीच्या खेळांचं झटपट: 'प्रिन्स ऑफ पर्शिया'तला राजपुत्र इतका जिवंत पळतो, कारण जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून चित्रं काढली. 'रोलरकोस्टर टायकून' ख्रिस सॉयरने जवळजवळ पूर्ण असेम्ब्ली भाषेत, म्हणजे थेट यंत्राशी बोलत लिहिला. 'सिव्हिलायझेशन'मधले गांधीजी प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे अणुबॉम्ब टाकतात, ही दंतकथा जगभर फिरली. खुद्द खेळाच्या कर्त्याने, सिड मायरने, २०२० साली ती खोडून काढली. आणि २००९च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये चक्क मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं!

२००८ साली मूळ सिमसिटीचा कोड 'मायक्रोपोलिस' या नावाने सर्वांसाठी खुला झाला, तो मुलांना स्वस्त लॅपटॉप देणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पासाठी. त्याच प्रकल्पाचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत झाला होता. कोड खुला आहे, म्हणजे आपल्यातल्या कुणालाही त्यात के. टी. बंधारा घालता येईल, मंगळवारचा म्हणा की शनिवारचा, आठवडी बाजार भरवता येईल, गुऱ्हाळं लावता येतील. माझ्या पहिल्या गुऱ्हाळाची जागा ठरलेली आहे: उसापासून जवळ, रस्त्याला लागून आणि धूर घरांवर जाणार नाही अशा अंगाला.