आपल्याच शहरांतील परका किल्ला

दूरदूरचीं स्थळें पाहण्याची हौस आपल्या कुटुंबांत आतां चांगलीच वाढली आहे, व ती स्तुत्यच आहे. परंतु ज्या शहरांत आपल्या दोन-तीन पिढ्यांची हयात गेली, त्या शहरांतील एखादी जुनी वास्तु मुलांस नेऊन दाखवावी, हा विचार फारच थोड्या घरांत होतो. चेन्नईच्या, म्हणजे जुन्या मद्रासच्या, मराठी वस्तीपुरतें बोलावयाचें, तर सेंट जॉर्जचा किल्ला हें याचें ठळक उदाहरण होय. तामिळनाडूचें सचिवालय व विधानसभा या किल्ल्यांतच असल्यामुळें घरांतील एखाद्या तरी माणसाचें पाऊल केव्हांना केव्हां तेथें पडतेंच. अर्ज द्यावा, पोंच घ्यावी आणि घर गांठावें, एवढाच त्याचा किल्ल्याशीं संबंध. मुलांनीं विचारलें, तर 'तो इंग्रजांचा किल्ला. त्यांत आपलें काय आहे?' असें उत्तर मिळतें. या उत्तरांत तथ्य किती, याचा विचार करण्यासाठीं हा लेख आहे.

रायगड-राजगडाच्या कथांवर वाढलेल्या मराठी मनाची हा किल्ला पाहून प्रथम निराशाच होते. येथें कडा नाहीं, चढण नाहीं, बुरुजाखालीं दरी नाहीं. समुद्रकांठच्या सपाट भूमीवर बांधलेला हा कोट राजाचा गड म्हणून जन्मास आलाच नाहीं; तो वखार म्हणून जन्मास आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे नांवाच्या नोकरानें १६३९ सालीं दामर्ल नायकांकडून किनाऱ्याचा हा तुकडा मिळविला, तो कापडाच्या व्यापारासाठीं. गठ्ठे ठेवावयास कोठार, कोठाराच्या रक्षणास भिंत, भिंतीवर तोफ, आणि तोफखान्याच्या खर्चासाठीं मुलूख, या क्रमानें दुकानाचें राज्य झालें. तराजू आधीं आला. तलवार मागून आली.

दुकानदाराची एक संवय मात्र या राज्यानें कधीं सोडली नाहीं. ती म्हणजे रोजकीर्द. गव्हर्नर व त्याचें मंडळ किल्ल्यांत बसून जें ठरवी, तें त्याच दिवसाच्या तारखेनें वहींत उतरून ठेवलें जाई. या वह्या आज शहराच्या एगमोर भागांतील सरकारी दफ्तरखान्यांत जतन केलेल्या आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळ छापूनही निघाल्या आहेत. 'आपलें काय आहे?' या प्रश्नाचें पहिलें उत्तर त्या वह्यांतच सांपडतें.

१६७७ सालीं शिवाजीमहाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले. त्या वर्षाच्या मे महिन्यांतील नोंद अशी कीं, महाराजांचें पत्र घेऊन एक ब्राह्मण व त्याच्यासोबत दोन माणसें किल्ल्यांत आलीं. मागणी तोफांची नव्हती. विषावर उतारा म्हणून देण्याच्या औषधांची व गुणकारी खड्यांची होती. एवढ्याशा वस्तूंचे पैसे काय मागावयाचे, असा विचार करून मंडळानें औषधें, बागेंतील फळें आणि सौजन्याचें पत्र भेट म्हणून पाठविलें. पत्र आणणाऱ्या ब्राह्मणास तीन वार बनात व थोडें चंदन दिलें. पुढें महाराजांनीं किल्ल्यांच्या कामांत निष्णात अशीं माणसें मागितलीं, तेव्हां मात्र इंग्रजांनीं गोड शब्दांत अंग काढून घेतलें. औषध द्यावें, परंतु विद्या देऊं नये, हें धोरण त्या वखारवाल्यांस तेव्हांच उमजलें होतें.

दुसरा संबंध याहून महाग पडला. छत्रपति राजाराममहाराज जिंजीस असतांना, १६९० सालीं, कुड्डलोरजवळील तेगनापट्टणचा किल्ला कंपनीनें मराठ्यांकडून विकत घेतला. मद्रासचा गव्हर्नर त्या वेळीं एलिहू येल हा होता. अमेरिकेंतील विख्यात विद्यापीठास पुढें याचेंच नांव मिळालें. करार मोठा मौजेचा होता. किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा जेथवर जाईल, तेथवरचीं गांवें कंपनीचीं! त्या गांवांस 'तोफगोळ्याचीं गांवें' असें नांवच पडलें, आणि किल्ल्यास इंग्रजांनीं सेंट डेव्हिड हें नांव दिलें. मोगलांशीं झुंजणाऱ्या दरबारास पैशाची निकड होती, हें आपण समजूं शकतों. परंतु छप्पन वर्षांनीं, १७४६ सालीं, फ्रेंचांनीं मद्रास जिंकून घेतलें, तेव्हां या किनाऱ्यावरील कंपनीचा कारभार त्याच सेंट डेव्हिडमधून चालला. तरुण क्लाइव्ह वेष पालटून मद्रासहून निसटला, तो आश्रयास तेथेंच गेला. तह होऊन मद्रास १७४९ सालीं परत मिळालें. मध्यंतरीं कंपनीस पाय टेकावयास जी भूमि मिळाली, ती आपणच विकलेली होती.

एवढें मनांत ठेवून मग किल्ल्यांतील संग्रहालयांत जावें. त्याची इमारत १७९५ सालीं पुरी झाली. वरच्या मजल्यावरील लांब दालनांत व्यापारी, दलाल व जहाजांचे कप्तान सौद्यांसाठीं जमत. १७९६ पासून तिच्या गच्चीवर शहरांतील पहिला दीपस्तंभही होता, व त्यांत खोबरेल तेलाचे दिवे जळत. संग्रहालय १९४८ सालीं उघडलें. नाणीं, शस्त्रें, गणवेष, पदकें, चिनी मातीचीं भांडीं, गव्हर्नरांचीं भव्य तैलचित्रें, अशी तेथील मांडणी आहे. बायकांचें व मुलांचें लक्ष भांड्यांकडे व तरवारींकडे आधीं जाईल, जाऊं द्यावें. मात्र लॉर्ड कॉर्नवालिसच्या संगमरवरी पुतळ्यापाशीं सर्वांनीं थोडें थांबावें.

हा पुतळा टॉमस बँक्स या शिल्पकारानें घडविला. बैठकीवर कोरलेला प्रसंग १७९२ सालचा आहे: टिपू सुलतानाचे दोन कोंवळे पुत्र ओलीस म्हणून कॉर्नवालिसच्या स्वाधीन केले जात आहेत. कोणासही त्या मुलांची कींव यावी असें तें दृश्य आहे. परंतु घरांतील वडील मंडळींनीं मुलांस पुढची गोष्टही सांगावी. त्या मोहिमेंत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा इंग्रजांच्या बाजूनें श्रीरंगपट्टणास होत्या. तो विजय आपलाही आहे, असें त्या वेळीं पुण्यास वाटलें असल्यास नवल नाहीं. यानंतर अकराच वर्षांनीं, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, जालन्याजवळील असईच्या मैदानांत आर्थर वेलस्लीनें शिंदे व भोंसले यांच्या फौजांचा पराभव केला. आणि त्याच्या सैन्यांत मद्रासच्या पलटणी होत्या. त्या वेलस्लीच्या नांवाचें घर याच किल्ल्यांत दाखवितात. दुसऱ्याच्या पराभवांत आपण भागीदार झालों, तरी आपली पाळी टळत नाहीं, हा धडा पाठ्यपुस्तकापेक्षां त्या संगमरवराजवळ अधिक चांगला समजतो.

संग्रहालयापासून जवळच सेंट मेरीचें देऊळ आहे. तें १६८० सालचें असून त्याचें छप्पर तोफेच्या गोळ्यास दाद देऊं नये इतकें जाड बांधलें आहे. अंगणांतील फरशी म्हणजे जुन्या थडग्यांच्या शिळा आहेत. आंत श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाचें स्मारक कंपनीनें उभारलेलें दिसतें. तंजावरचे सरफोजीराजे ज्याला गुरुस्थानीं मानीत, तोच हा श्वार्ट्झ. सरफोजींनीं स्वतः त्याचें दुसरें स्मारक इंग्लंडांतील फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून तंजावरास बसविलें. गुरूविषयीं कृतज्ञता अखंड राहिली. राज्याचा कारभार मात्र १७९९ च्या तहानें कंपनीकडे गेला. एकाच घटनेच्या या दोन बाजू एका दगडापाशीं उभें राहून पाहतां येतात.

सहलीच्या व्यवस्थेविषयीं थोडें सांगावयास हवें. संग्रहालय शुक्रवारीं बंद असतें. किल्ल्यांत सरकारी कचेऱ्या असल्यामुळें दरवाजावर तपासणी होते. ओळखपत्रें जवळ असावीं. ऊन चढण्यापूर्वीं निघावें, म्हणजे आजी-आजोबांस त्रास होत नाहीं. आणि शेवटीं त्या रेशमी तिरंगी निशाणापुढें सर्वांनीं अवश्य जावें. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं पहाटे हेंच निशाण या किल्ल्यावर चढलें, आणि २०१३ पासून तें संग्रहालयांत दर्शनास ठेवलें आहे. कापडाच्या गठ्ठ्यांसाठीं बांधलेल्या कोटाची गोष्ट एका कापडाच्या तुकड्यापाशीं येऊन पुरी होते.

आतां मूळ प्रश्न. या किल्ल्यांत आपलें काय आहे? आपलें पुष्कळ आहे. परंतु तें परक्याच्या अक्षरांत आहे. महाराजांचा ब्राह्मण कोणत्या महिन्यांत आला, त्यास किती वार कापड मिळालें, हें आपणांस कळतें तें कंपनीच्या कारकुनानें लिहून ठेवलें म्हणून. ज्यानें टिपून ठेवलें, त्यानें आपल्या सोयीनें टिपलें. यांत त्याचा दोष काय? आपण जें टिपलें, त्याचें आपण काय केलें, हें अधिक महत्त्वाचें आहे.

कारण आपले लोक लिहीत नव्हते, असें मुळींच नाहीं. तंजावरच्या मराठी दरबाराचे मोडी कागद सरस्वती महालांत आहेत. खुद्द इंग्रजी अमलांतही मद्रास इलाख्याच्या कित्येक जिल्ह्यांत वसुलाचे हिशेब मराठींत लिहिले जात, व लिहिणारे बहुधा आपल्याच घरांतले असत. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, माळ्यांवरचीं दफ्तरें खालीं काढून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें जमविलीं. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. तरीही वाडे पडतात, बिऱ्हाडें बदलतात, भाऊ विभक्त होतात, आणि भांडीं-दागिने वांटून झाल्यावर पणजोबांची कागदांची पेटी कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. ती रद्दींत जाते.

यासाठीं किल्ला पाहून आल्यावर त्याच आठवड्यांत घरची पेटी उघडावी. कोणता कागद कोणाकडून आला, हें वडीलधाऱ्या मंडळींस विचारून मुलांनीं एका वहींत लिहून काढावें. मोडी वाचतां येत नसेल तर शिकावें; ती लिपि शिकविणारे आजही आहेत. कागद कोरड्या जागीं, स्वच्छ सुती रुमालांत बांधून ठेवावे. आणि घरीं ठेवणें शक्य नसेल, तर एखाद्या संशोधन संस्थेच्या स्वाधीन करावे. राज्य राखणें पूर्वजांच्या हातून झालें नाहीं, असें आपण पुष्कळदां हळहळून म्हणतों. निदान त्यांचे कागद राखणें तरी आपल्या हातीं आहे.