पंप बिचारा निर्दोष!

वरूडकडची संत्री दिवाळीच्या सुमारास उतरू लागली, की आमच्या दादांच्या पिकअपला उसंत नसते. वरूडहून मोर्शी, मोर्शीहून अमरावती आणि पुढे मूर्तिजापूरवरून अकोला, अशी तिची वारी. दादा म्हणजे माझे थोरले चुलतबंधू. गाडी २००९ सालची, चार सिलिंडरांची, डिझेलवर चालणारी. संगणकबिंगणक काही नाही. सारा कारभार यांत्रिक पंपाच्या हाती. गेल्या वर्षी ऐन हंगामात या गाडीने असहकार पुकारला.

सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी थकायची. मग इंजिन एकदाचे धरायचे, मिनिटभर चालायचे आणि उचकी लागल्यासारखे होऊन बंद पडायचे. एकदा सुरळीत लागले की दुपारपर्यंत तक्रार नाही. पण टाकी अर्ध्याखाली उतरली की पुन्हा उचकी! एका गॅरेजात निकाल मिळाला, “पंप गेला.” खर्चाचा आकडा ऐकून दादा घरी आले ते गप्पच. रात्री वहिनींनी पाटल्या काढून देवापुढे ठेवल्या. बोलल्या काहीच नाहीत. मला ते पाहवेना. “दादा, एकदा अकोल्याच्या मिस्त्रींना दाखवू, मग काय ते ठरवू,” असे मीच म्हणालो आणि सोबत निघालो.

याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. आम्हीही त्या दिवशी एक विक्रम केला, मंदगतीचा! कुरुमपासून मूर्तिजापूर गाठायला अडीच तास लागले. असो.

मिस्त्री साठीचे. त्यांनी बॉनेट उघडले, पण पंपाकडे ढुंकून पाहिले नाही. दादांना स्टार्टर मारायला लावला आणि स्वतः गाडीच्या मागे जाऊन धुराच्या नळीपाशी उभे राहिले. मग म्हणाले, “धूरच नाही जी. पंपाले कायले बदनाम करता? त्याले खायाले भेटते का नाही, ते तं पयले पाहा.”

हे ‘खायला मिळणे’ काय प्रकरण आहे ते समजून घेण्यासारखे आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा दाबून दाबून मूळ आकारमानाच्या अठराव्या-विसाव्या हिश्शाला आणतात. त्या दाबाने ती इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच भडका होतो. फवारा सोडते ते नोझल, आणि ते उघडते वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने. हा दाब निर्माण करायचे काम पंपाचे. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले, तेव्हा इंधन फवारायला दाबलेल्या हवेचा अवजड सरंजाम लागत असे. बॉशने १९२७ पासून हे सुबक पंप तयार करायला सुरुवात केली आणि डिझेल इंजिन मोटारगाडीत मावू लागले. आपल्याकडे बंगळूरची मायको १९५१ ची. तिचे नाव २००८ मध्ये बॉश झाले. पण आमचे मिस्त्री अजून ‘मायको पंप’च म्हणतात.

आता गंमत पाहा. डिझेल दाबले की दाबाला दाब देते. हवा दाबली तर ती नुसती आकसते. पंपात हवेचे बुडबुडे शिरले, की पंप इमानेइतबारे बुडबुडे दाबत बसतो, नोझल उघडत नाही आणि धूरही निघत नाही. पांढरा, झोंबरा धूर निघाला असता तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, असे समजायचे. काळा निघाला तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा असेल तर ऑइल जळते आहे. धूरच नाही म्हणजे पंप उपाशी!

मिस्त्रींनी पुढे जे केले त्याला मी मनोमन दाद दिली. टाकीकडून येणारा पाइप सोडून बाजूला केला. एका स्वच्छ डब्यात डिझेल भरले, डबा बॉनेटच्या कडेला टांगला आणि त्यातून पंपाला पारदर्शक नळी जोडली. फिल्टरवरचा हातपंप दाबून, स्क्रू ढिला करून हवा काढली. फेस येत होता तो थांबला, निखळ डिझेल आले, स्क्रू आवळला. अर्ध्या चावीत इंजिन लागले ते अर्धा तास एका सुरात! पंप निर्दोष सुटला. गुन्हेगार टाकी आणि पंप यांच्यामध्ये कुठेतरी दडला होता.

पण टाकीखाली ना ओल, ना डिझेलचा एक थेंब! दादा बुचकळ्यात पडले. मिस्त्रींनी टाकीजवळच्या रबरी पाइपाला बोटाने वाकवले, तशा त्यावर बारीक चिरा उमटल्या. वऱ्हाडात वैशाखात पारा ४५ च्या वर जातो. त्यात रबर भाजून कडक होते. हा भाग शोषणाचा. त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरते, म्हणून सकाळचे रडगाणे. टाकी अर्ध्याखाली गेली की डिझेल अधिक खोलून ओढावे लागते, म्हणून दुपारची उचकी. सगळे कोडे एका चिरेत सुटले.

दीड फूट डिझेलचा पाइप, दोन क्लिपा, सांध्यांवर तांब्याची नवी वायसरे. फिल्टरच्या तळातून पाणी निघाले, वाटीभर. यावर मात्र मिस्त्री दादांना रागावले. डिझेल हेच पंपाचे वंगण. आत पाणी गेले तर केसाहूनही बारीक फटीत फिरणारे त्याचे भाग गंजतात आणि मग पंप खरोखरच जातो. अर्धी रिकामी टाकी थंडीत रात्रभर उभी ठेवली की आत दव धरते. टाकी संध्याकाळी भरून ठेवावी.

आपल्याकडे नवी, कॉमन रेलची गाडी असेल तर मात्र पाना हाती घेऊ नये. जुन्या गाडीत नोझलचा नट ढिला करून कोणता सिलिंडर मेला ते मिस्त्री पाहतात. नवीत दाब सोळाशे पटीपर्यंत असतो; फवारा कातडी फोडून मांसात शिरतो. जुन्या नोझलपुढेही हात कधी धरू नये.

आम्ही रात्री अकराला परतलो. वहिनी ओसरीवरच होत्या. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “लागली का?” दादांनी खिशातून तो चिरलेला पाइप काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि हात धुवायला गेले.