शाळेचे कपाट आणि काचेचे पान

कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीपलीकडे, हुगळीच्या पूर्वतीरावर, गार्डन रीच नावाचा भाग आहे. नदीच्या दोन वळणांमधील सरळ पट्ट्याला इंग्रजीत ‘रीच’ म्हणतात. अठराव्या शतकात कंपनीच्या धनिक साहेबांनी या पट्ट्यात आपले बागबंगले बांधले, त्यावरून हे नाव पडले. विदर्भातील मराठी माणसाला तरी ते अगदीच परके असू नये. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्यालय येथेच होते, आणि तिच्यातून पुढे निघालेल्या दक्षिण-पूर्व रेल्वेचेही येथेच आहे. २००३ साली बिलासपूरचा वेगळा संभाग निघेपर्यंत नागपूर विभागाचा कारभार गार्डन रीचहूनच चाले.

या भागाला आणखी एक, ग्रंथांशी निगडित असा इतिहास आहे. १८५६ साली इंग्रजांनी अयोध्येचे राज्य खालसा केले आणि पदच्युत झालेला वाजिद अली शाह गार्डन रीचला लागूनच असलेल्या मटियाबुर्ज येथे येऊन राहिला. मागे लखनौस त्याच्या पूर्वजांपासून चालत आलेली ग्रंथालये होती. त्यांतील हस्तलिखितांची सूची करण्याचे काम आलोइस स्प्रेंगर या विद्वानाकडे सोपविण्यात आले होते, आणि त्या सूचीचा पहिला खंड १८५४ साली कोलकात्यास छापून निघाला होता. तीनच वर्षांनी सत्तावनचा वणवा पेटला. ग्रंथालयांतील पोथ्यांपैकी बहुतेक त्यात नष्ट झाल्या किंवा चहूकडे विखुरल्या. सूची मात्र राहिली.

शाळांच्या ग्रंथालयांविषयी सध्या जो वाद चालू आहे, त्याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शाळेतील छापील पुस्तकांची कपाटे काढून टाकावीत, त्यांच्या जागी संगणक अथवा टॅब ठेवावेत आणि विद्यार्थ्यांनी सर्व वाचन पडद्यावर करावे, असे मत अनेक ठिकाणी मांडले जाते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कुशिंग अकॅडमी या निवासी शाळेने २००९ सालीच आपल्या ग्रंथालयातील सुमारे वीस हजार पुस्तके दूर करण्याचा निर्णय घेऊन सर्वत्र खळबळ उडवून दिली होती. आपल्याकडे कोणी इतक्या टोकास सहसा जात नाही. परंतु नवी खरेदी थांबली आणि जुनी पुस्तके निकालात निघाली, म्हणजे तोच परिणाम कोणताही ठराव न करता घडून येतो.

पडद्याच्या बाजूने जे बोलले जाते, त्यात तथ्य पुष्कळ आहे. छापील ग्रंथालय म्हणजे आपल्या अनेक शाळांत एक कुलूपबंद कपाट असते. पुस्तक हरवले तर त्याची भरपाई कोणी करावयाची, या धास्तीने किल्ली गुरुजींच्या खिशातून बाहेर येत नाही. दाखलनोंदवही अद्ययावत असते, वार्षिक तपासणीत एकही प्रत कमी भरत नाही, आणि याचे साधे कारण असे की वर्षभरात एकही प्रत कोणी वाचलेली नसते. त्यात हुगळीकाठची दमट हवा. वाळवी आणि कसर यांना नोंदवहीचे नियम ठाऊक नसतात. अशा कपाटापेक्षा मुलाच्या हाती असलेला मोबाइल बरा, असे कोणी म्हटले तर त्यास एकदम खोडून काढता येणार नाही.

दुसरे असे की, पडद्याने अंतर नाहीसे केले आहे. गार्डन रीचमध्ये बंगाली, उर्दू आणि हिंदी या भाषा नित्याच्या कानावर पडतात. तेथे बदलीवर आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलाला शाळेच्या कपाटात मराठी पुस्तक मिळण्याचा संभव जवळजवळ नाही. पूर्वी अशा कुटुंबाला महाराष्ट्र मंडळाचा आधार असे, नाहीतर सुटीत गावी जाऊन आणलेल्या चार पुस्तकांवर वर्ष काढावे लागे. आज मराठी विश्वकोशाचे वीस खंड त्या मुलाला घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. वीस जाडजूड खंड बदलीच्या सामानातून कोण नेणार? राज्य मराठी विकास संस्थेने कित्येक दुर्मीळ मराठी ग्रंथ संगणकावर आणले आहेत, बालभारतीची पाठ्यपुस्तकेही तेथे आहेत. गार्डन रीचच्याच रेल्वेवरील खरगपूर येथील आयआयटीने उभारलेले भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. संदर्भासाठी, कोशासाठी, दुर्मीळ ग्रंथासाठी यापेक्षा चांगले साधन आजवर झाले नाही.

तथापि खरगपूरच्या या ग्रंथालयाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ते मुख्यतः एक अवाढव्य सूची आहे. देशोदेशींच्या संग्रहांत काय आहे, याची नोंद ते करते आणि वाचकाला तेथवर पोचविते. मूळ संग्रहाचे दार उघडे असले तर ग्रंथ हाती येतो, बंद असले तर नावावर समाधान मानावे लागते. यात त्या ग्रंथालयाचा काही दोष नाही, सूचीचे कार्य हेच आहे. परंतु एखाद्या शाळेने ‘आमच्याकडे कोट्यवधी ग्रंथ आले’ असे समजून आपले दोनशे पुस्तकांचे कपाट मोडीत काढणे म्हणजे सूचीला ग्रंथ समजण्याची चूक होय.

कायद्यामुळे ही अडचण अधिक स्पष्ट होते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यान्वये भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या ग्रंथावर वारसांचा हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ च्या प्रारंभापासून कोणालाही विनामूल्य पडद्यावर आणता येते. भा. रा. भागवत २००१ साली निवर्तले. त्यांचा फास्टर फेणे त्याच रीतीने मोकळा व्हावयाचा तो २०६२ साली. तोवर आज शाळेत जाणाऱ्या मुलांची नातवंडे शाळेत जाऊ लागतील. म्हणजे विनामूल्य भांडार हे स्वभावतःच जुन्या ग्रंथांचे भांडार असते. नवे पुस्तक हवे असेल तर पडद्यावरही त्याचे दाम मोजावेच लागते.

आणि दाम मोजूनही ते पुस्तक शाळेचे होतेच असे नाही. छापील पुस्तक विकत घेतले की ते मालकीचे झाले. पुठ्ठा निखळला तर खळ लावून बसवावा, शिवण उसवली तर बांधणी करून घ्यावी, दहा वर्षे शंभर मुलांना द्यावे. प्रकाशकाला त्याची विचारपूस करण्याचा अधिकार नाही. ई-पुस्तकाचा बहुधा परवाना मिळतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ साली ग्रंथालयांसाठी असा नियम केला की, एक ई-पुस्तक सव्वीस वेळा दिले गेले की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. त्याआधी २००९ साली अॅमेझॉन कंपनीने, विक्रेत्याला हक्क नव्हते या कारणास्तव, जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले, पण एका विद्यार्थ्याने कादंबरीवर केलेली टिपणे निरुपयोगी झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुसलेल्या पुस्तकांपैकी एक ‘१९८४’ असावे, हा योगायोग कोणाला कल्पूनही सुचला नसता.

कोलकात्याला या बाबतीत एका मराठी घराण्यातील माणसाची आठवण होणे साहजिक आहे. सखाराम गणेश देऊस्कर हे देवघरच्या बाजूस जन्मलेले मराठी गृहस्थ बंगालीचे नामांकित लेखक झाले. परकीय राज्यात देशाची लूट कशी चालली आहे हे सांगणारा त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ साली निघाला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. परंतु तोवर प्रती घरोघर गेल्या होत्या. एखादे पुस्तक घराघरांतून गोळा करणे हे साम्राज्यालाही कठीण जाते. तेच पुस्तक एका दूरच्या यंत्रावर असते, तर कळ दाबण्याचेच काम होते.

अर्थात कागदही अमर नाही. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावर आदळले, तेव्हा कॉलेज स्ट्रीटवरील दुकानांतली पुस्तके पाण्यावर तरंगत असलेली लोकांनी पाहिली. त्याच वेळी शहराच्या पुष्कळ भागांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही मुके झाले होते. भिजलेले पुस्तक गेले ते गेलेच. न भिजलेले मात्र खिडकीच्या उजेडात वाचता येत होते.

पडद्यावर वाचलेले मनात किती उतरते, हाही प्रश्न आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधीच्या सतरा-अठरा वर्षांतील ५४ संशोधनांचे निष्कर्ष एकत्र केले होते. त्यांत मिळून १ लाख ७१ हजारांवर वाचक होते. माहितीपर मजकूर, विशेषतः घड्याळ लावून वाचावयाचा असेल, तर कागदावर आकलन अधिक होते असे त्यात दिसून आले. फरक फार मोठा नव्हता. पण नवी पिढी पडद्याला सरावली की तो मावळेल ही अपेक्षा फोल ठरली. वर्षे लोटली तसा तो थोडा वाढलाच. स्वीडनसारख्या, शाळांत संगणक नेण्यात अग्रेसर असलेल्या देशाने २०२३ साली छापील पाठ्यपुस्तकांच्या खरेदीसाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनरची तरतूद केली. श्रीमंत देशालाही ही परतीची वाट महाग पडते.

आपल्या शाळांचा हिशेब याहून साधा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या अधिनियमाच्या, परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले असून त्यात वृत्तपत्रे, मासिके आणि सर्व विषयांची पुस्तके यांबरोबर गोष्टींच्या पुस्तकांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेत गोष्टींना जागा मिळावी, ही काही लहान बाब नव्हे. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी वर्षाला जे अनुदान ठरविण्यात आले, ते प्राथमिक शाळेसाठी पाच हजार रुपये होते. पश्चिम बंगाल सरकारने करोनाच्या काळात बारावीच्या विद्यार्थ्यांना टॅब अथवा मोबाइल घेण्यासाठी प्रत्येकी दहा हजार रुपये दिले. हे प्रमाण धरले तर प्राथमिक शाळेच्या वर्षाच्या अनुदानात अर्धा टॅब येतो. त्याच पैशात, शंभर रुपयांस एक याप्रमाणे, पन्नास पुस्तके येतात आणि शनिवारी दुपारी ती पन्नास मुलांच्या घरी जातात. टॅब कोणाच्याही घरी जात नाही, तो कुलपातच राहतो. शिवणकामावर चालणाऱ्या मटियाबुर्जच्या गल्ल्यांत ज्या घरी एकच मोबाइल असेल आणि तोही कामावर जाणाऱ्याच्या खिशात, तेथे सायंकाळी मुलाच्या हाती काही असेल तर ते शाळेने दिलेले पुस्तकच असेल. ते त्याची धाकटी बहीणही उचलते, तिच्यासाठी निराळा परवाना लागत नाही.

यावरून कामाची वाटणी कशी करावी हे ठरविणे फारसे कठीण नाही. कोश, नकाशे, जुने ग्रंथ, दूरच्या भाषेतील पुस्तके यांसाठी शाळेत एखाददुसरा पडदा हवाच. मराठी, तेलुगू किंवा अन्य अल्पसंख्य भाषेच्या मुलांसाठी तर तो खिडकीसारखा आहे. गोष्टींची पुस्तके मात्र कागदावर, मुलाच्या उंचीच्या उघड्या मांडणीवर असावीत. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली, तेव्हा पंचायत आणि प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये काढण्यास राज्यांना उत्तेजन द्यावे, असेही तीत म्हटले होते. घोषणेच्या पूर्वार्धाची चर्चा अधिक झाली. खरी सुधारणा मात्र एका छोट्या नियमात आहे: दरवर्षी काही टक्के पुस्तके वाचून फाटली, हरवली तर ती निर्लेखित करण्याचा अधिकार मुख्याध्यापकास असावा आणि त्याची वसुली कोणाच्याही वेतनातून होऊ नये. एवढे झाले तर पुष्कळ कपाटांची कुलपे आपोआप निघतील.

स्प्रेंगरची ती सूची आज पडद्यावर कोणालाही उघडून पाहता येते. साडेसहाशे पानांच्या आसपास तिचा विस्तार आहे, आणि तीत फारसी व हिंदुस्तानी कवींच्या ग्रंथांची नावे, त्यांची पाने, प्रत्येक पानावरील ओळी हे सर्व काटेकोरपणे टिपलेले आहे. तिचा दुसरा खंड निघाला नाही.