एफ-वनच्या आधी दुपारी कोणाची रेस चालू असते? सपोर्ट रेस कशा निवडतात, सोप्या भाषेत

तुमच्यासोबत हे कधीतरी झालंच असेल. संध्याकाळी एफ-वनची रेस बघायची म्हणून दुपारीच ॲप उघडलं, तर तिथे आधीच एक रेस चालू. गाड्या अगदी एफ-वनसारख्या, कॉमेंटेटर तसाच ओरडतोय, पण ओळखीचं एकही नाव नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं जुन्या रेसचं रिपीट आहे, आणि सरळ बंद केलं. ती एफ-टूची रेस होती.

अशा रेसना सपोर्ट रेस म्हणतात. मुख्य रेसच्या वीकेंडला, त्याच ट्रॅकवर, मधल्या मोकळ्या वेळात होणाऱ्या छोट्या रेस. पण कुठल्या वीकेंडला कुठली सपोर्ट रेस ठेवायची, हे कसं ठरतं? मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला यात सरळसरळ शेड्युलिंगचा प्रॉब्लेम दिसतो. चला, सोडवून बघू.

आधी कोण कोण आहे ते बघू

२०२५ चा सीझन उदाहरण म्हणून घेऊ. एफ-वनचे २४ वीकेंड होते. त्यांच्यासोबत या सिरीज फिरत होत्या:

- एफ-टू: ११ टीम, २२ गाड्या, १४ वीकेंड. एफ-वनच्या बरोबर खालची पायरी.
- एफ-थ्री: १० टीम, ३० गाड्या, १० वीकेंड. त्याच्याही खालची पायरी.
- एफ-वन अकॅडमी: फक्त महिला ड्रायव्हरसाठी, ७ वीकेंड. २०२३ मध्ये सुरू झाली.
- पोर्श सुपरकप: सगळ्यांकडे सारखीच पोर्श ९११. १९९३ पासून चालू आहे आणि मुख्यतः युरोपात होते.

याशिवाय काही ठिकाणी स्थानिक सिरीज असतात. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्स धावतात, आणि तिथल्या बऱ्याच लोकांना त्यांचं वेड एफ-वनइतकंच असतं.

मुळात गरजच काय?

साधा हिशोब करा. नेहमीच्या वीकेंडला एफ-वनची तीन प्रॅक्टिस सेशन प्रत्येकी एक तासाची, एक तासाची क्वालिफाइंग आणि साधारण दीड तासाची रेस. म्हणजे तीन दिवसांत एफ-वनच्या गाड्या ट्रॅकवर जेमतेम साडेपाच तास. ज्याने तीन दिवसांचं तिकीट काढलंय, तो बाकीचा वेळ काय करणार? वडापाव खात किती वेळ बसणार?

दुसरं कारण रबराचं. गाड्या धावतात तसं टायरचं रबर ट्रॅकवर बसत जातं आणि पकड वाढते. मोनॅकोसारख्या शहरी रस्त्यांवर सुरुवातीला धूळ असते, ती सपोर्ट रेसच्या गाड्यांमुळे निघते. यात एक गोम आहे. एफ-वन, एफ-टू आणि एफ-थ्री तिघांचेही टायर पिरेलीचे. पण मेलबर्नच्या सुपरकार्स डनलॉपवर धावतात. वेगळ्या कंपनीचं रबर ट्रॅकवर बसलं की पकड बदलते, आणि एफ-वनच्या इंजिनिअर्सना ते हिशोबात धरावं लागतं.

निवडीच्या चार चाळण्या

पहिली चाळणी वेळेची. युरोपातली एफ-वन रेस तिथल्या दुपारी तीनला असते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसहा. ही वेळ हलत नाही, कारण जगभरचं प्रक्षेपण तिच्यावर बांधलेलं असतं. बाकी सगळ्यांनी तिच्या आधीच्या जागेत बसायचं. म्हणून एफ-टूची रविवारची मोठी रेस तिथे सकाळी दहाच्या आसपास होते आणि आपल्याला दीडच्या सुमारास, जेवणाच्या वेळी दिसते.

दुसरी चाळणी जागेची. पिटमधली गॅरेज एफ-वनच्या टीमची असतात. एफ-टू आणि एफ-थ्रीवाले वेगळ्या जागी राहतात आणि प्रत्येक सेशनच्या आधी टायर, हत्यारं सगळं ट्रॉलीवरून पिटलेनमध्ये आणतात. सेशन संपलं की पुन्हा सगळं परत. दोन सेशनच्या मध्ये हा वेळ धरावाच लागतो. मोनॅकोचा ट्रॅक तर फक्त ३.३३७ किलोमीटरचा. तिथे एफ-टूच्या २२ गाड्या एकदम सोडल्या तर एकमेकांच्या वाटेत येतील, म्हणून क्वालिफाइंग दोन गटांत घेतात.

तिसरी चाळणी खर्चाची. युरोपात ट्रकने सामान नेता येतं, पण समुद्रापलीकडे ३० गाड्या न्यायच्या म्हणजे खर्च कुठल्या कुठे जातो. त्यामुळे २०२५ मध्ये एफ-थ्री ऑस्ट्रेलिया आणि बहारीन सोडून युरोपाबाहेर गेलीच नाही. आता एफ-वन अकॅडमीचं कॅलेंडर बघा: शांघाय, जेद्दाह, मायामी, मॉन्ट्रियल, झांडवुर्ट, सिंगापूर, लास वेगास. यातलं जेद्दाह सोडलं तर कुठेच एफ-टू किंवा एफ-थ्री नव्हती. जिथे दिवस रिकामा होता तिथे अकॅडमी बसली.

चौथी चाळणी धोक्याची. सपोर्ट रेसमध्ये अपघात होऊन कठडा तुटला, तर तो दुरुस्त झाल्याशिवाय एफ-वनसुद्धा सुरू होत नाही. त्यामुळे दोन सेशनच्या मध्ये मोकळा वेळ राखून ठेवतात. आमच्याकडे रिलीजच्या आधी आम्ही बफर ठेवतो, अगदी तसंच. आणि बफर संपला की काय होतं? ज्याची प्रायॉरिटी कमी, त्याचं काम कापलं जातं.

कापलं जातं म्हणजे नेमकं काय?

डिसेंबर २०२१, जेद्दाह. एफ-टूची रविवारची रेस. सुरुवातीलाच थिओ पुर्शेरची गाडी जागेवरच बंद पडली आणि मागून आलेला एन्झो फिटिपाल्डी तिच्यावर आदळला. रेस बराच वेळ थांबली. पुन्हा सुरू केली ती कमी वेळाची, आणि नंतर परत लाल झेंडा. शेवटी अर्धेच पॉइंट दिले. विजेत्याला २५ ऐवजी १२.५.

मायामी २०२५ मध्ये पावसामुळे एफ-वन अकॅडमीची दुसरी रेस रद्द झाली. ती पुढे मॉन्ट्रियलला घेतली, त्यामुळे तिथे दोनऐवजी तीन रेस झाल्या.

आपल्याला ही एक छोटीशी बातमी वाटते. पण त्या ड्रायव्हरच्या जागी उभं राहून बघा. एफ-वनमध्ये जायला सुपर लायसन्स लागतं, आणि त्यासाठी ठरावीक काळात ४० पॉइंट जमवावे लागतात. एफ-टूमध्ये पहिल्या तिघांत आलात तर एका सीझनमध्येच ४० मिळतात. एफ-थ्रीच्या चॅम्पियनला ३० मिळतात. वीकेंडला एफ-टूच्या ड्रायव्हरला सरावासाठी फक्त ४५ मिनिटं असतात आणि त्यानंतर थेट ३० मिनिटांची क्वालिफाइंग. त्यात दहा मिनिटं लाल झेंड्यात गेली तर गेली. आणि सीझनसाठीचा पैसा बऱ्याचदा घरचा किंवा स्पॉन्सरचा असतो.

एक प्रयोग जो मागे घेतला

२०२१ मध्ये खर्च वाचवायला एफ-टू आणि एफ-थ्रीला वेगवेगळ्या वीकेंडला पाठवलं. वीकेंड कमी, पण प्रत्येक वीकेंडला तीन रेस. कागदावर आयडिया मस्त होती. प्रत्यक्षात एफ-टूचे आठच वीकेंड उरले आणि सप्टेंबरअखेर सोचीनंतर पुढची रेस थेट डिसेंबरात जेद्दाहला. दोन महिन्यांहून जास्त गॅप! इतक्या दिवसांत प्रेक्षक पॉइंट टेबलसुद्धा विसरतो. २०२२ पासून पुन्हा दोन रेसचा फॉरमॅट आला आणि एफ-टू, एफ-थ्री बऱ्याच ठिकाणी पुन्हा सोबत दिसू लागल्या.

म्हणजे फक्त खर्चाची चाळणी लावून चालत नाही. ज्यांच्यासाठी ही शिडी आहे त्यांना नियमित रेस मिळते का, आणि त्या रेस कोणी बघतं का, हेही धरावं लागतं.

मला विचाराल तर

एका वीकेंडला जास्तीत जास्त तीन सपोर्ट सिरीज असाव्यात. त्यातली एक तरी शिडीची, म्हणजे एफ-टू, एफ-थ्री किंवा अकॅडमी. जमलं तर एक स्थानिक, म्हणजे तिथल्या लोकांना आपलं कोणीतरी दिसेल. उरलेला वेळ बफर. चौथी सिरीज कोंबली की दिवस भरगच्च दिसतो, पण पहिला अपघात झाला की कोणाची तरी रेस कापली जाणार हे नक्की.

आपलं कोणीतरी दिसण्याचा आनंद काय असतो ते आपल्यालाही माहीत आहे. मुंबईचा जेहान दारूवाला एफ-टूमध्ये रेस जिंकला होता. २०२५ मध्ये बंगळुरूच्या कुश मैनीने मोनॅकोत एफ-टूची शनिवारची स्प्रिंट रेस जिंकली. ज्यांनी फक्त रविवारी संध्याकाळी ॲप उघडलं, त्यांचं ते लाइव्ह बघायचं राहून गेलं.

तर पुढच्या वीकेंडला एक करा. ॲपमध्ये एफ-वनची वेळ बघून थांबू नका, पूर्ण दिवसाचं शेड्युल उघडा. कोणती सिरीज आहे, दोन सेशनमध्ये किती गॅप ठेवलाय, कोणाला सगळ्यात सकाळची वेळ दिलीय, हे बघा. आणि एक रिमाइंडर दुपारच्या रेसचाही लावा.